प्रवास व ख्रिस्ती श्रद्धा (पूर्व विदर्भ)

पूर्व विदर्भाशी जोडलेली, प्रवासात ख्रिस्त भेटल्याची सर्वांत प्रसिद्ध हकिकत रेल्वेच्या डब्यातली आहे. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. राजनांदगाव गडचिरोलीच्या ईशान्येला, आजच्या छत्तीसगडात. डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी गप्पा रंगल्या. त्याने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. पुढे त्यातल्या येशूच्या गिरिप्रवचनाने टिळकांना झपाटले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र त्याचे श्रेय एकट्या सहप्रवाशाला देणे भाबडेपणाचे होईल. टिळक आधीपासूनच धर्माचा शोध घेत गावोगाव भटकत होते आणि ती भटकंती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना किती महागात पडली, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचावे. बाप्तिस्म्यानंतरही टिळकांनी अभंग व कीर्तन सोडले नाही. त्यांची भक्ती वारकरी वळणाचीच राहिली.

टिळकांच्याही आधी स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर हे केंद्र ठेवून आसपासचा मुलूख पालथा घातला. धर्मप्रसाराच्या फेऱ्यांतच ते जीवाश्म शोधत, गोंडांच्या कथा टिपत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांच्या नोंदी रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केल्या.

पुढे चांद्यात (आजचे चंद्रपूर) १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक परंपरेचे मिशनक्षेत्र स्थापन झाले. १९७७ मध्ये त्याचे धर्मप्रांतात रूपांतर झाले.