एक पत्ता, अनेक कन्सोल: घरगुती राउटर आणि ऑनलाइन खेळांचा इतिहास

घरातल्या राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, यूपीएनपी, डीएमझेड, क्यूओएस अशी जी नावे दिसतात, ती एकाच वेळी, कुणी आखून तिथे आणलेली नाहीत. १९९४ पासून पुढच्या पाव शतकात एकेका अडचणीवरचा तोडगा म्हणून ती येत गेली आणि यातल्या बऱ्याच अडचणींची झळ ऑनलाइन खेळणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त बसली. त्याचे कारण खेळाच्या स्वरूपात आहे. वेबपान उघडताना घरातले यंत्र बाहेर विचारणा करते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. खेळात मात्र दुसऱ्या शहरातल्या अनोळखी घरातले यंत्र आपणहून या घरातल्या यंत्राशी संपर्क साधू पाहते. घरगुती राउटर घडवला गेला तो पहिल्या प्रकारच्या कामासाठी. दुसरे काम त्याच्याकडून करून घ्यायला बरीच वर्षे लागली आणि घरात दुसरा कन्सोल आला की ते काम आजही नव्याने करावे लागते.

मूळ अडचण पत्त्यांच्या तुटवड्याची. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपीव्ही४ च्या आराखड्यात प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा होता, म्हणजे जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच हे पुरणार नाहीत हे स्पष्ट झाले. मे १९९४ मध्ये क्येल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या टिपणात पत्ता बदलून देणाऱ्या यंत्राची, म्हणजे नॅटची, कल्पना मांडली. आतल्या जाळ्यात खासगी पत्ते वापरायचे आणि बाहेर जाताना राउटरने त्यांच्या जागी सार्वजनिक पत्ता घालायचा, अशी ती योजना. लेखकांनी तिच्या उणिवा लपवल्या नाहीत. हा उपाय दीर्घकाळासाठी योग्य नाही आणि कदाचित तात्पुरताही योग्य ठरणार नाही, असे त्यांनी त्याच टिपणात नमूद केले होते. तात्पुरता म्हणून सुचवलेला तो उपाय तीस वर्षांनंतरही जवळजवळ प्रत्येक घरात चालू आहे. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवले. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे त्यांतल्याच एका गटातले.

घरगुती राउटर नॅटचा जो प्रकार वापरतो त्यात पत्त्याबरोबर पोर्टचा आकडाही बदलता येतो. कचेरीत बाहेरच्यांसाठी एकच फोन नंबर आणि आत टेबलागणिक एक्स्टेंशन असावे, तशी ही रचना. आतल्या १९२.१६८.१.२० या कन्सोलने ३०७४ या पोर्टवरून पॅकेट पाठवले की राउटर आपल्या तक्त्यात एक ओळ लिहितो आणि पॅकेट सार्वजनिक पत्त्यावरून पुढे धाडतो. उत्तर आले की तक्त्यातली ती ओळ पाहून ते आत पोचवतो. पण बाहेरून अनपेक्षित पॅकेट आले आणि तक्त्यात त्याची ओळच नसली, तर ते कुणाला द्यायचे हे राउटरला कळत नाही. तो ते टाकून देतो. खेळातल्या जोडणीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या टाकून दिलेल्या पॅकेटात आहे.

सुरुवातीच्या ऑनलाइन खेळांना याची फारशी झळ पोचली नाही. डिसेंबर १९९३ चा ‘डूम’ कचेऱ्या आणि महाविद्यालयांच्या अंतर्गत जाळ्यावर खेळला जाई. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये आणि त्याच वर्षाअखेर आलेल्या ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये खेळाडूचा संगणक सार्वजनिक पत्त्यावरच्या सर्व्हरला आपणहून गाठत असे, म्हणजे पुन्हा विचारणा आतून आणि उत्तर बाहेरून. बहुतेक घरांत एकच संगणक, एकच मोडेम आणि एकच फोनलाइन होती, तेव्हा राउटरचा प्रश्नच नव्हता. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये, जो १९९८ मध्ये जपानात आणि १९९९ मध्ये अमेरिकेत आला, मोडेम आतच बसवलेला होता. १९९९ मध्येच विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत इंटरनेट वाटून घेण्याची सोय आली. केबल आणि डीएसएल जोडण्या अमेरिकेत पसरू लागल्या आणि लिंक्सिससारख्या कंपन्यांचे चार पोर्टांचे छोटे राउटर घरात शिरले. डॅन केगल यांनी त्याच वर्षी एक युक्ती लिहून ठेवली: नॅटमागच्या दोन यंत्रांनी तिसऱ्या सर्व्हरकडून एकमेकांचे बाहेरचे पत्ते समजून घ्यावेत आणि दोघांनी एकाच सुमारास एकमेकांकडे पॅकेट पाठवावे. दोन्ही राउटरांच्या तक्त्यांत ओळ तयार होते आणि वाट मोकळी होते. होल पंचिंग म्हणून ओळखली जाणारी ही युक्ती पुढच्या कन्सोल-खेळांचा पाया ठरली.

कन्सोल खऱ्या अर्थाने राउटरला भिडला तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्समुळे. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या या कन्सोलमध्ये मोडेम नव्हताच, फक्त इथरनेटचे पोर्ट होते. ‘हेलो’ हा खेळ चार कन्सोल केबलने जोडून सोळा जणांना एकत्र खेळता येई. इंटरनेटवर खेळण्याची सोय त्यात नव्हती. वर्षभराने, १५ नोव्हेंबर २००२ रोजी, एक्सबॉक्स लाइव्ह सुरू झाले आणि ते फक्त ब्रॉडबँडवर चाले. नोव्हेंबर २००४ च्या ‘हेलो २’ मध्ये सामन्याचा यजमान कंपनीचा सर्व्हर नसून खेळणाऱ्यांपैकीच कुणाचा तरी कन्सोल असे. बाकीच्या सगळ्यांची पॅकेटे त्या एका घरात पोचायला हवीत, म्हणजे त्या घरचा राउटर ती आत सोडणारा हवा. राउटरच्या स्वभावाला खेळाडूंच्या आयुष्यात एवढे महत्त्व आले ते इथून.

त्या स्वभावाचे वर्गीकरण मार्च २००३ च्या आरएफसी ३४८९ मध्ये झाले होते. स्टन नावाच्या त्या पद्धतीत नॅटचे चार प्रकार केले होते. सगळ्यांत मोकळा प्रकार कुणाचेही पॅकेट आत घेतो, तर सगळ्यांत कडक प्रकार प्रत्येक नव्या पत्त्यासाठी बाहेरचे पोर्टच बदलतो, त्यामुळे होल पंचिंग फसते. कन्सोल कंपन्यांनी ही तांत्रिक विभागणी सोपी करून पडद्यावर आणली. एक्सबॉक्सवर ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट. प्लेस्टेशन ३ वर टाइप १, २ आणि ३. निन्टेन्डोवर ए, बी, सी अशी अक्षरे. ओपनवाल्याची गाठ कुणाशीही पडते, मॉडरेटवाल्याची ओपन आणि मॉडरेटशी, तर स्ट्रिक्टवाल्याची फक्त ओपनशी. दोन मित्रांच्या घरी इंटरनेट उत्तम चालत असे, तरी ते एका सामन्यात येऊ शकत नसत, ते याच नियमामुळे.

पहिला तोडगा हाताने करायचा होता. कन्सोलला घरातला एक ठरावीक पत्ता द्यायचा आणि राउटरला सांगायचे की ३०७४ वर येणारे सारे काही त्या पत्त्याकडे पाठव. एका कन्सोलपुरते हे चोख चालते. घरात दुसरा एक्सबॉक्स आला की गाडी अडते, कारण बाहेरच्या बाजूला ३०७४ हे पोर्ट एकच आहे आणि ते एकाच आतल्या पत्त्याला देता येते. दुसरा कन्सोल मॉडरेट किंवा स्ट्रिक्टवर घसरतो. डीएमझेडमध्ये कन्सोल ठेवण्याचा, म्हणजे बाहेरून येणारे सगळे काही त्याच्याकडेच वळवण्याचा, उपायही एकाच यंत्रापुरता, आणि तो त्या यंत्राची सगळी दारे उघडी टाकतो. भावंडांनी एकाच घरातून एकाच खेळात उतरायचे ठरवले तर आणखी एक पेच पडतो. सर्व्हर दोघांनाही घराचा तोच सार्वजनिक पत्ता सांगतो. म्हणजे एका कन्सोलचे पॅकेट राउटरपर्यंत जाऊन तिथूनच वळून परत घरात यायला हवे. या हेअरपिन वळणाची सोय अनेक जुन्या राउटरांत नव्हती. जानेवारी २००७ च्या आरएफसी ४७८७ ने ती अनिवार्य ठरवली. बाहेरचे समोरचे यंत्र बदलले तरी आतल्या यंत्राला तेच बाहेरचे पोर्ट द्यावे, हेही त्याच दस्तऐवजाने सांगितले. बाजारातल्या राउटरांच्या वागण्यात एकसूत्रता आणण्याचा हा प्रयत्न खेळाडूंच्या दृष्टीने फार मोलाचा होता, जरी त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्याचे नावही ऐकले नसेल.

दुसरा तोडगा म्हणजे यूपीएनपी. ऑक्टोबर १९९९ मध्ये स्थापन झालेल्या यूपीएनपी फोरमने २००१ मध्ये इंटरनेट गेटवेसाठीचे मानक आणले. कन्सोल घरातल्या जाळ्यावर २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर हाक देतो, राउटर ओ देतो, आणि मग कन्सोलच राउटरला अमुक पोर्ट आपल्यासाठी उघडायला सांगतो. ते पोर्ट आधीच दुसऱ्या कन्सोलकडे असेल तर शहाणा खेळ दुसरे पोर्ट मागतो. अनेक कन्सोलांच्या घरासाठी ही सोय वरदान ठरली. तिच्याइतका उपयोग हाताने केलेल्या कोणत्याही सेटिंगचा झाला नाही. पण यात कुणी कुणाला ओळख विचारत नाही. घरातले कोणतेही यंत्र, त्यात शिरलेले दुष्ट सॉफ्टवेअरही, दार उघडून घेऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे अनेक राउटर ही हाक बाहेरच्या बाजूनेही ऐकत होते. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने इंटरनेट चाळून पाहिले तेव्हा आठ कोटींहून जास्त पत्त्यांनी बाहेरून आलेल्या यूपीएनपी हाकेला उत्तर दिले. यूपीएनपी बंद ठेवा हा सल्ला तेव्हापासून रुजला, आणि तो पाळणाऱ्या घरांत दुसरा कन्सोल पुन्हा स्ट्रिक्टवर गेला. राउटरचे फर्मवेअर अद्ययावत ठेवून यूपीएनपी फक्त आतल्या बाजूला चालू ठेवणे, हा त्यातला रास्त मध्यममार्ग आहे.

जोडणी झाली तरी खेळ सुरळीत चालेलच असे नाही. एकाने खेळताना दुसऱ्याने व्हिडिओ अपलोड केला की पात्रे थबकत, उड्या मारत पुढे जात. राउटर कंपन्यांनी याचा बाजार ओळखला. २००५ च्या सुमारास डी-लिंकने गेमरांसाठी वेगळा राउटरच आणला. पण दोष कुठे आहे हे नेमके उमगले ते २०१० मध्ये. जिम गेटीस यांना घरून फाइल पाठवताना जोडणीचा विलंब सेकंदापलीकडे गेलेला दिसला. मोडेम आणि राउटर यांत स्मृती स्वस्त झाली म्हणून मोठमोठे बफर ठेवले जात होते आणि पॅकेटे टाकून देण्याऐवजी त्यांत रांगेत उभी राहत होती. हिशेब सोपा आहे: सेकंदाला १ मेगाबिट अपलोड असलेल्या जोडणीवर २५६ किलोबाइटचा बफर भरला, तर तो रिकामा व्हायला सुमारे दोन सेकंद लागतात. गोळी झाडल्याची खबर देणारे चिमुकले पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभे असते. वेगवान प्लॅन घेऊनही लॅग का जात नाही, याचे उत्तर या रांगेत होते.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. ती रांगेची लांबी न पाहता पॅकेट किती वेळ थांबले हे पाहते. त्याच वर्षी तिचे पुढचे रूप, एफक्यू-कोडेल, लिनक्सच्या ३.५ या आवृत्तीत आले; त्यात प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग असल्याने चिमुकल्या पॅकेटांना पुढे वाट मिळते. २०१८ मध्ये केक ही आणखी सुधारित पद्धत लिनक्समध्ये दाखल झाली. हे सारे लोकांच्या घरी पोचले त्यामागे लिंक्सिसच्याच एका राउटरची कथा आहे. डब्ल्यूआरटी५४जी हे त्यांचे निळे-काळे मॉडेल लिनक्सवर चालते हे लक्षात आले, परवान्याच्या अटींमुळे २००३ मध्ये त्याची आज्ञावली खुली करावी लागली, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. स्वयंसेवकांनी या पद्धती आधी तिथे आजमावल्या. राउटरमध्ये अपलोडचा वेग प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडा कमी लिहायचा, म्हणजे रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये, त्याच्या देखरेखीखाली लागते. ही एक ओळ भरल्याने अनेक घरांतला लॅग कमी झाला.

दरम्यान घराबाहेर पत्ते संपले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटले गेले आणि एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा अखेरच्या टप्प्यावर आला. सेवा कंपन्या आता स्वतःच्या पातळीवर नॅट लावू लागल्या. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ने सुरू होणारा वेगळा गट राखला गेला. राउटरच्या स्थितीच्या पानावर बाहेरचा पत्ता या गटातला दिसला, तर घरात केलेले पोर्ट फॉरवर्डिंग निष्फळ ठरते, कारण खरा सार्वजनिक पत्ता शेजारपाजारच्या अनेक घरांत वाटलेला असतो. भारतीय शहरांना हा अनुभव नवा नव्हता. मुंबई-पुण्याच्या इमारतींत केबलवाल्याने इथरनेटची वायर टाकून दिलेल्या जोडणीत घराला बऱ्याचदा खासगी पत्ताच मिळे, तर टेलिफोन कंपनीच्या डीएसएलवर बहुधा सार्वजनिक, पण बदलता. केबलच्या जोडणीवर गेमरला सेवादात्याकडे स्थिर पत्ता मागण्यावाचून इलाज नसे.

नोव्हेंबर २०१३ च्या एक्सबॉक्स वनने यातून सुटण्याची दिशा दाखवली. तो मुळातच आयपीव्ही६ वर, म्हणजे पत्त्यांचा तुटवडा नसलेल्या नव्या आराखड्यावर, इतर कन्सोलांशी बोलणारा कन्सोल होता. घरात आयपीव्ही६ नसेल तर तो टेरेडो या पद्धतीने आयपीव्ही४ मधून बोगदा काढतो. पुढे त्यात पर्यायी पोर्ट निवडण्याची सोय आली, त्यामुळे ३०७४ वरचे भांडण मिटवता आले: एका कन्सोलला एक पोर्ट, दुसऱ्याला दुसरे, आणि राउटरमध्ये दोन वेगळ्या ओळी. मोठे खेळ कंपन्यांच्या सर्व्हरवर चालू लागल्याने यजमान कन्सोलची गरजही घटली, पण मित्रमंडळाच्या आवाजी गप्पांसाठी थेट जोडणी महत्त्वाचीच राहिली. भारतात २०१६ नंतर जिओच्या जाळ्याबरोबर आयपीव्ही६ झपाट्याने पसरले. त्यात प्रत्येक कन्सोलला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि पोर्टसाठी स्पर्धा उरत नाही. तरीही राउटरची भिंत अनपेक्षित पॅकेटे अडवतेच. ती थोडी उघडण्यासाठी एप्रिल २०१३ मध्ये पीसीपी हे मानक ठरले आणि यूपीएनपीच्या दुसऱ्या आवृत्तीतही तशी तरतूद आहे. ती प्रत्येक राउटरमध्ये नसते, म्हणून अनेक कन्सोलांच्या घरात दोन्ही पिढ्यांची व्यवस्था शेजारी शेजारी चालते: आयपीव्ही६ चालू, आयपीव्ही४ साठी प्रत्येक कन्सोलला ठरावीक पत्ता व वेगळे पोर्ट, आणि अपलोडच्या वेगाला मर्यादा.