सोलापूर : कचरा, हरित वापर व वाहतूक यांविषयीची सरकारी धोरणे

सोलापूर शहरातील कचरा कमी व्हावा, टाकाऊ वस्तूंचा पुनर्वापर वाढावा आणि वाहतुकीमुळे होणारे प्रदूषण घटावे, यासाठी केंद्र सरकार, राज्य सरकार व सोलापूर महानगरपालिका यांनी लागू केलेले नियम आणि योजना. येथे १८५२ मध्ये नगरपालिका आणि १ मे १९६४ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहराचे क्षेत्र सुमारे १७८ चौ. किमी. झाले, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ९,५१,५५८ आहे. क्षेत्र मोठे आणि कडेची वस्ती विरळ असल्याने घंटागाडी व सिटी बस या दोन्हींचे फेरे लांब पल्ल्याचे आणि खर्चाचे झाले. मुंबई-पुण्याकडे पाहून आखलेली धोरणे सोलापुरात अनेकदा अडतात, त्याचे एक मोठे कारण शहरातले हे लांब पल्ले आहेत.

कचरा : देशात नागरी घनकचऱ्यासाठी पहिले सविस्तर नियम २००० मध्ये आले. त्यांची जागा घेणाऱ्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगवेगळा देणे ही प्रत्येक घराची जबाबदारी ठरली. कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घेण्याचे बंधनही स्थानिक संस्थांवर आले. सोलापूरने मात्र याआधीच वेगळ्या दिशेने एक मोठे पाऊल टाकले होते. तुळजापूर रस्त्यावरील कचरा डेपोजवळ खासगी भागीदारीतून रोज ४०० टन कचरा हाताळण्याच्या क्षमतेचा, सुमारे ३ मेगावॅट विजेचा प्रकल्प उभारण्यात आला. २०१२-१३ च्या सुमारास तो सुरू झाला. शहरी कचऱ्यापासून जैवमिथेनीकरणाने वीज तयार करणाऱ्या देशातील आरंभीच्या मोठ्या प्रकल्पांत त्याची गणना होते.

या पद्धतीत ओला कचरा हवाबंद टाकीत जिवाणूंकडून कुजवला जातो. त्यातून निघणाऱ्या मिथेनयुक्त वायूवर इंजिन चालवून वीज मिळते आणि उरलेल्या चोथ्याचे खत होते. कचऱ्यात वाळू, काच, चिंध्या किंवा पिशव्या मिसळल्या की टाकीत गाळ साचतो, यंत्रे झिजतात आणि खताचा दर्जा घसरतो. म्हणजे अशा प्रकल्पाचे खरे इंधन वेगळा केलेला ओला कचरा हेच आहे. सोलापुरात आधी यंत्र आले आणि घराघरात दोन डबे ठेवण्याची सक्ती काही वर्षांनी आली. हा क्रम उलटा होता. मिश्र कचरा डेपोवर निवडण्याचा खर्च कारखान्याच्या माथी बसतो आणि निवडण्याचे हालाचे काम कचरावेचकांच्या हाती राहते. खताच्या खपासाठी केंद्राने २०१६ मध्ये टनामागे १,५०० रुपये साहाय्य जाहीर केले. ज्वारी-तुरीच्या या जिल्ह्यात अशा खताला शेते भरपूर आहेत, पण काचेचे तुकडे असलेले खत शेतकरी रानात टाकत नाही.

प्लास्टिक व वापर : महाराष्ट्राने २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलची ताटे-वाट्या यांवर बंदी घातली. दंड पहिल्या वेळी ५,००० व दुसऱ्या वेळी १०,००० रुपये. तिसऱ्या वेळी २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. १ जुलै २०२२ पासून केंद्राची एकल-वापर प्लास्टिकवरील बंदी लागू झाली आणि त्याच वर्षअखेरपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या देशभर बेकायदा ठरल्या. दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे ग्राहकाला ५० पैसे परत देण्याची तरतूद २०१८ च्या नियमांत होती. कचरा जन्मतानाच त्याची किंमत ठरवणारी ही उत्तम कल्पना होती, पण दुकानदार, डेअरी आणि भंगारवाला यांना जोडणारी साखळी उभी न राहिल्याने ती कागदावरच राहिली. दंडाची पावती भाजीवाल्याच्या हाती पडते, पिशवी तयार करणारा दूर राहतो. बंदीच्या अंमलबजावणीतील हा अन्याय सोलापूरच्या मंडईतही दिसतो. चादरी, टॉवेल आणि गणवेश शिवणाऱ्या या शहरात कापडी पिशवी स्वस्त व सहज मिळावी यासाठी यंत्रमागाच्या उरलेल्या कापडाशी धोरणाची सांगड घालायला हवी होती. जिल्ह्यातील पंढरपूरच्या आषाढी वारीतही थर्माकोलऐवजी पानांच्या पत्रावळीचा आग्रह याच बंदीतून वाढला.

राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात (२०२०) पंचतत्त्वांच्या आधारे स्थानिक संस्थांना गुण दिले जातात.

वाहतूक व इंधन : राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात (२०१९) हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाने २०२५ पर्यंत शहरात २० चार्जिंग केंद्रांचे लक्ष्य ठेवले. मुंबईचे लक्ष्य १,५०० होते. सार्वजनिक वाहतुकीतील २५ टक्के वाहने विजेवर आणण्याच्या सहा शहरांत मात्र सोलापूर नव्हते. म्हणजे स्वतःची गाडी घेणाऱ्याची सोय आधी पाहिली गेली, बसने जाणारा मागे राहिला. वास्तविक येथील सिटी बससेवेला मदतीची गरज अधिक होती. नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून आलेल्या अनेक बसगाड्या चासीला तडे गेल्याने उभ्या राहिल्या, प्रकरण वादात अडकले आणि प्रवासी दुचाकी, रिक्षा व वडाप म्हणजे खासगी प्रवासी गाड्यांकडे वळले.

ऊस आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे धोरण थेट शेतापर्यंत पोहोचते. कारखान्यांची रोख आवक त्याने वाढली, हे खरे. पण साखरेच्या मार्गाने एक लिटर इथेनॉलसाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे. जिल्ह्यातला हा ऊस मोठ्या प्रमाणात उजनी धरणाच्या पाण्यावर वाढतो. त्याच उजनीवर विसंबलेल्या सोलापूर शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. पर्जन्यछायेतील जिल्ह्यात अशा इंधनाला हरित म्हणताना पाण्याचा हिशेब मांडलाच पाहिजे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेतून सोलापूरला १०० विद्युत बस मंजूर झाल्या. या योजनेत केंद्र बस चालवण्यासाठी दहा वर्षे किलोमीटरमागे साहाय्य देते. आगार व वीजजोडणीसाठीही निधी मिळतो. शहराबाहेर कुंभारी येथील रे नगर वसाहतीत विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि कचरावेचक यांच्यासाठी ३०,००० घरांचा प्रकल्प आहे. पहिल्या १५,००० घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. कामासाठी रोज शहरात येणाऱ्या या कुटुंबांचा बसवर पहिला हक्क आहे, आणि ई-बसचे मार्ग ठरवताना कुंभारीचा मार्ग सर्वांत आधी आखला जावा.