हँडल, ठिणगी आणि मनगट

इतिहास म्हटला की गड, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढले सारे गॅरेजात, आणि त्यानंतर युनियनच्या कचेरीतील कपाटातल्या पुस्तकांवर झाले. त्यामुळे आम्हांला इतिहास दिसतो तो हत्यारांत. आज श्रोत्यांपुढे आम्ही असेच एक हत्यार ठेवणार आहोत : जुन्या मोटारीचे हँडल. दोन ठिकाणी वाकविलेली ही लोखंडी कांब तरुण मंडळींनी बहुधा पाहिलीही नसेल. परंतु गाडी चालू कशी करावयाची, आणि ती चालू होत नसेल तर दोष कोठे शोधावयाचा, या दोन प्रश्नांचा इतिहास हिच्याभोवतीच घडला आहे.

पेट्रोलच्या इंजिनाची अडचण अशी की, ते आपल्या बळावर पहिला फेरा घेऊ शकत नाही. पिस्टनने हवा व इंधन आत ओढावयाचे, दाबावयाचे, आणि मग ठिणगी पडावयाची. तोवर बाहेरून कोणीतरी ते फिरवावेच लागते. १८८६ साली कार्ल बेन्झने पेटंट घेतलेली तीनचाकी गाडी तिचे मोठे चाक हाताने फिरवून चालू करीत. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था हिने दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत, सुमारे शंभर किलोमीटर, ही गाडी नेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने हॅटच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे वेष्टण गेले, तेव्हा पायमोज्याचा पट्टा तिच्यावर गुंडाळला, असे सांगतात. साखळी लोहाराने सांधली, ब्रेकला चामडे चांभाराने ठोकले, इंधन औषधाच्या दुकानात मिळाले. म्हणजे मोटारीची पहिली मोठी सफर पार पडली ती एका बाईच्या हिकमतीने आणि गावच्या कारागिरांच्या हातांनी. हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते.

पुढे १९०२ साली स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. (याच बॉशने १९०६ साली आठ तासांचा दिवस सुरू केला, आणि १९१३ साली त्याच्याच कारखान्यात संपही झाला, दोन्ही गोष्टी आम्हां युनियनवाल्यांनी लक्षात ठेवाव्या अशा आहेत.) मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, तो फिरला की स्वतःच वीज निर्माण करतो. मात्र हळू फिरला तर ठिणगी दुबळी पडते. म्हणून हँडलला जोराचा हिसका द्यावा लागे, आणि येथेच धोका होता.

ठिणगी पिस्टन वर पोचण्यापूर्वीच पडली, तर स्फोट त्याला उलटा ढकलतो आणि हँडल उलटे फिरून हातावर येते. यासाठी चालू करतेवेळी ठिणगी मुद्दाम उशिरा पडेल अशी सोय असे. तिचा दांडा मागे घ्यावयाचा राहिला की मनगट गेलेच. अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, दांड्याला वेढू नये, हा नियम याच अनुभवातून आला. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडते, त्या मोडीला डॉक्टर मंडळी 'शोफर फ्रॅक्चर' म्हणू लागली. नावात धंदाच आला. मालक आत बसलेला, आणि हँडल नोकराच्या हातात!

या दुखण्यावर उपाय काढला चार्ल्स केटरिंगने. आधी तो अमेरिकेत डेटन येथे गल्ल्याची यंत्रे करणाऱ्या कारखान्यात होता, आणि तेथे त्याने गल्ल्याला विजेची मोटर बसविली होती. इंजिन फिरवावयाचे तर मोटर इंजिनाएवढीच मोठी लागेल, हा त्याच्यापुढचा आक्षेप. त्याचे उत्तर साधे होते : मोटरला काम काही सेकंदांचेच आहे, तेवढा वेळ लहान मोटरही पेलवणार नाही असा भार सोसते. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्याचा सेल्फ-स्टार्टर आला.

याची एक प्रसिद्ध कथा आहे. कॅडिलॅकच्या हेन्री लेलंडचा मित्र बायरन कार्टर हा स्वतः मोटारीचा कारखानदार. हँडलचा तडाखा बसून तो पुढे मरण पावला, आणि लेलंडने हँडल हद्दपार करण्याचा निश्चय केला. काही लेखक हा अपघात १९१० सालचा सांगतात. कार्टर तर १९०८ सालीच वारला होता. तारखांचा हा घोळ बाजूस ठेवू. आमच्या मनात येते ते वेगळेच : त्यापूर्वी कित्येक शोफरांची मनगटे मोडली होती, कथा मात्र राहिली ती कारखानदाराची. शिवाय १९१२ साली सुख मिळाले ते महागड्या गाडीच्या धन्याला. सामान्यांची फोर्ड मॉडेल टी १९१९ पर्यंत कारखान्यातून हँडलवरच येत होती.

सेल्फ आला आणि दोष शोधण्याची विद्याही बदलली. आम्ही अँबॅसिडरवर जी शिकलो ती अशी. आधी पुढचे दिवे लावा, मग सेल्फ मारा. दिवे विझल्यासारखे झाले, तर बॅटरी दुबळी आहे किंवा जोड खराब आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ मुका, तर करंट तेथवर पोचतच नाही. स्विच आणि तारा पाहा. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर दोष ठिणगीत किंवा पेट्रोलमध्ये : पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग अशा क्रमाने जा. बॅटरीच्या टोकावरची पांढरी बुरशी क्षुल्लक दिसते. पण तेथे ओहमचा शंभरावा भागच अडथळा असला आणि दीडशे अँपिअर वाहू लागले, तर दीड व्होल्ट जागीच जातो. जुन्या सहा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, म्हणून तेथे तीन व्होल्ट, म्हणजे निम्मा दाबच नाहीसा होतो! नवी बॅटरी घालूनही गाडी का उठत नाही याचे उत्तर कित्येकदा या बुरशीत असते.

आता स्वतःचे एक सांगून संपवितो. १९८६ च्या सुमारास आम्ही हेल्पर होतो. एका गाडीचे पॉइंट बदलताना टायमिंग पुढे गेले होते. बॅटरी मेलेली, नवी घेण्यास मालक राजी नव्हता. आमच्या जोडीदाराला त्याने हँडल मारावयास लावले. दुसऱ्याच हिसक्याला हँडल उलटले आणि पोराचे मनगट मोडले. मालक म्हणाला, "हँडल धरायची अक्कल नाही." आम्हीही तेच खरे मानले. वेडेवाकडे जुळलेले ते मनगट घेऊन तो पुढे हमालीलाही निरुपयोगी ठरला.

कामावर झालेल्या इजेची भरपाई देणारा कायदा १९२३ पासून होता. अर्जाची मुदत दोन वर्षांची. आम्हांला तो पुस्तकात सापडला तिसऱ्या वर्षी. सबळ कारण असल्यास उशीर माफ होतो, हे कलम तर आणखी उशिरा वाचले. गाडीचा दोष आम्ही क्रमाने शोधीत होतो : बॅटरी, जोड, पॉइंट, टायमिंग. माणसाला इजा झाली तेव्हा मात्र एकही तार न तपासता दोष त्याच्याच माथी मारला. तो जोडीदार अधूनमधून कचेरीत येतो, चहाचा कप डाव्या हाताने धरतो. आमच्याकडे अपघाताची तक्रार आली की आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हाच : बॅटरी कोणी बदलू दिली नाही?