खोबरेलावर पाणी धरत नाही

प्रायमरवर फाउंडेशन चढवलं की नाकाच्या कडेला बारीक गोळ्या निघतात, कपाळावर थर फाटतो, ही तक्रार घेऊन ब्युटी पार्लर चालवणाऱ्या मुली माझ्याकडे नेहमी येतात. त्यांना वाटतं, ही बाटल्यांच्या जमान्यातली नवी भानगड आहे. नागपुरात नाटकांची रंगभूषा करण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून ठामपणे सांगतो, ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचा उपाय झाडीपट्टीतल्या रंगवणाऱ्या माणसांना पक्का ठाऊक होता.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा धानाचा मुलूख. दिवाळी झाली, धान घरात येऊ लागलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक, तेही पार उजाडेपर्यंत. नाटकांच्या आधीपासून इथे दंडार आणि खडी गंमत हे लोककलाप्रकार आहेत. खडी गंमतीतला नाच्या म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. दाढी केलेल्या हिरव्या गालावर रंग चढवायचा आणि तो नाचताना, घाम गाळताना रात्रभर टिकवायचा. रंगवणाऱ्याचं कसब तिथेच कळायचं.

माझे उस्ताद त्या भागात हिंडलेले. रंगवायच्या दोन रीती ते सांगत. पहिली पाण्याची : मुरदाडशिंगाचा खडा सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि तो लेप बोटांनी चेहऱ्यावर ओढायचा. सुकला की गुलाबीसर, उजळ कांती दिसते. दुसरी तेलाची : सफेदा, पिवडी आणि किंचित हिंगूळ खोबरेलात घोटायचं. माणसाच्या वर्णाप्रमाणे पिवडी कमी-जास्त. सगळा माल पंसाऱ्याकडे पुडीत मिळे.

दोन्ही रीतींची तयारी वेगळी असे. पाण्याचा लेप लावायचा तर चेहरा आधी बेसनाने धुऊन तेलाचा अंशही ठेवायचा नाही, मग ओली तुरटी फिरवायची. तेलाचा रंग लावायचा तर चेहरा कोरडा ठणठणीत हवा. त्यावर खोबरेलाचा हात फिरवायचा आणि लगेच फडक्याने टिपून घ्यायचं, नुसती ओल राहील इतकंच. मग रंग, आणि वरून शंखजिऱ्याची भुकटी थापायची. उस्ताद हे टिपण्याचं काम कोणा पोराटोरावर सोडत नसत. अंगठा गालावर दाबून बघत. अंगठा घसरला तर पुन्हा टिप, चिकटला तर रंग घे. थंडीच्या रात्री आणखी एक कटकट होती. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं आणि माघात इकडे पारा दहाच्या आसपास उतरतो. थिजलेल्या तेलात घोटलेला रंग गुठळ्या धरतो, म्हणून वाटी गॅसबत्तीजवळ ठेवून कोमट राखावी लागे.

एकदा तेल घेतलं की शेवटपर्यंत तेल, पाणी घेतलं की शेवटपर्यंत पाणी. हा उस्तादांचा नियम होता आणि ते तो मोडू देत नसत.

युरोपातही हाच खटाटोप चालला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाइपझिगच्या कार्ल बाउडिनने टोपाची कपाळावरची कड झाकायला जस्ताचा पांढरा, पिवळी माती आणि हिंगूळ डुकराच्या चरबीत घोटले. म्हणजे आमचा सफेदा, पिवडी, हिंगूळ, फक्त खोबरेलाच्या जागी चरबी! पुढे १८७३ मध्ये बर्लिनच्या लुडविग लाइखनर या ऑपेरा गायकाने शिसं नसलेल्या रंगकांड्यांचा कारखानाच काढला. त्याचं नाव जगभर झालं.

शिशाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं भस्म आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा क्षार. सफेदा जस्ताचा असला तर ठीक, शिशाचाही त्याच नावाने मिळे. ज्यांनी हे हंगामामागून हंगाम तोंडाला फासलं, त्यांच्या अंगात किती विष गेलं असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही. जुन्या गोष्टींचं मला प्रेम आहे, पण हे रंग गेले ते बरंच झालं.

ते घालवले पॅनकेकने. मॅक्स फॅक्टरने रंगीत चित्रपटांसाठी १९३७ मध्ये तो आणला, पुढच्या वर्षी बाजारात आला. ओल्या स्पंजाने लावायची ही वडी. भारतात १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली आणि प्रसाधनं मध्यमवर्गीय घरांत शिरली. नागपुरात धनवटे रंगमंदिरात, पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या रंजन कला मंदिरासारख्या संस्थांच्या नाटकांच्या काळात, विजेच्या झगझगीत दिव्यांपुढे जुना घोटलेला रंग भडक दिसू लागला होता. पॅनकेक आला आणि पाण्याची रीत जिंकली, तीही विषाशिवाय.

आता तिसरी जात आली आहे, सिलिकोनची. प्रायमरमधलं डायमेथिकोन त्वचेची छिद्रं बुजवून गुळगुळीत पापुद्रा करतं. त्या पापुद्र्यावर पाणी पसरत नाही. वर पातळ, पाणीदार फाउंडेशन घासलं की त्याचे थेंब होतात, बोटाबरोबर पापुद्राही निघतो आणि गोळ्या बनतात. बाटलीवरच्या यादीत पहिलं नाव बहुतेक वेळा पाण्याचंच असतं, त्यावर जाऊ नये. पुढची चार-पाच नावं वाचावीत. ‘कोन’ किंवा ‘सिलोक्सेन’ने संपणारी नावं दोन्ही बाटल्यांत वरच्या बाजूला असली तर जोडी जमते. शंका असली तर दोन्हींचा एकेक थेंब मनगटावर कालवावा. दुधासारखं फाटलं तर ती जोडी चेहऱ्यावर नेऊ नये. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या वर जातो आणि लग्नंही तेव्हाच असतात, मग चुकलेली जोडी वरमाला पडेपर्यंतसुद्धा टिकत नाही. प्रायमर मटाराएवढाच घ्यावा, मुरायला चार-पाच मिनिटं द्यावीत आणि फाउंडेशन घासू नये, थापावं.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. पण त्या मुलखात चेहरे रंगवणाऱ्यांची साधी नोंदही नीट झालेली नाही. तुमच्या गावात असा कोणी म्हातारा रंगवणारा असेल तर त्याच्याजवळ बसा, तो काय कशात आणि किती घोटत होता ते विचारा आणि त्याच्या नावानिशी लिहून ठेवा.