सातारा व सांगली जिल्ह्यांतील स्त्रियांचे प्रोग्रॅमिंग शिक्षण

संगणकाने करावयाचे काम क्रमवार सूचनांच्या रूपाने लिहिणे म्हणजे प्रोग्रॅमिंग किंवा आज्ञावली-लेखन होय. सातारा व सांगली या जिल्ह्यांत स्त्रिया हे शिक्षण मुख्यतः कनिष्ठ महाविद्यालये, अभियांत्रिकी संस्था आणि खासगी वर्ग यांतून घेतात.

पार्श्वभूमी

एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रासाठी लिहिलेली टिपणे हा पहिला प्रकाशित प्रोग्रॅम मानला जातो. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८४८ मध्ये, नायगाव (आता जि. सातारा) येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यात मुलींना अक्षरे शिकवू लागल्या. प्रोग्रॅमिंग हे पुरुषांचे क्षेत्र असल्याचा समज मुळातच उशिराचा आहे. एनियाक या आरंभीच्या संगणकाचे प्रोग्रॅमिंग सहा स्त्रियांनी केले होते.

माण तालुक्यातील म्हसवड येथील माणदेशी महिला सहकारी बँकेचा (१९९७) इतिहासही येथे नोंदविण्याजोगा आहे. सभासद स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला. संस्थापिका चेतना सिन्हा यांच्या कथनानुसार, या स्त्रिया लिहा-वाचायला शिकून पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांपुढे त्यांनी व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी दर्शविली. ठरलेल्या पायऱ्यांनी उत्तराकडे जाणे हेच प्रोग्रॅमिंगचे बीज होय. ते या स्त्रियांपाशी होते, अभाव साधनांचा होता.

संस्था

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७), कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) आणि वाळवा तालुक्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (१९८३) या प्रमुख संस्था होत. तिन्ही कृष्णाकाठच्या सुपीक पट्ट्यात आहेत. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांतील मुलीस घर सोडल्यावाचून तेथे शिकता येत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना एस.टी.चा प्रवास विनामूल्य असतो, पण तो बारावीपर्यंतच. म्हणजे बहुतेकींचे प्रोग्रॅमिंग जेथे खऱ्या अर्थाने सुरू व्हावे, नेमका तेथेच पास संपतो.

शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शासनाने पूर्ण सवलत दिली आहे. वसतिगृह, भोजन आणि संगणक यांचा खर्च मात्र कुटुंबावरच राहतो. घरात एकच संगणक असेल तर तो भावाच्या वाट्याला जाण्याची शक्यता अधिक. एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या स्त्रियांना संगणक हाताळावयास शिकविले. तथापि ती साक्षरता आहे, प्रोग्रॅमिंग नव्हे.

प्रारंभिक शिक्षण आणि भाषा

अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्र विषयात सी++ शिकविली जाते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनीस प्रथम अडते ते तर्कापाशी नव्हे, तर इंग्रजीतील चूकदर्शक संदेशांपाशी. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी पाठ या टप्प्यावर उपयोगी पडतात. त्यात चित्रफीत थांबवून तीच कृती स्वतः करून पाहावयाची असते.

पायथन भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांना देवनागरी नावे देता येतात. त्यामुळे सरळव्याजाच्या प्रोग्रॅममध्ये मुद्दल, दर, मुदत आणि व्याज हेच शब्द वापरणे शक्य होते. सूत्रातील अंक मात्र आंतरराष्ट्रीयच लागतात. याच भाषेला ‘सातारा’ या शब्दाची लांबी विचारल्यास उत्तर ६ येते, ‘सांगली’चेही ६. वाचणाऱ्याला दोन्हींत तीनच अक्षरे दिसतात. संगणक काना, वेलांटी आणि अनुस्वार स्वतंत्रपणे मोजतो. ज्या मुलीने शाळेत बाराखडी गिरविली आहे, तिला हे कोडे सोडविण्यास इंग्रजीची गरज पडत नाही.