सुट्या भागांचा संगणक आणि आष्टीची बाजारवाट

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला लागून असलेला आष्टी तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि प्रशासनाच्या दृष्टीने तो आजही मराठवाड्यातच मोडतो. मात्र बीडपेक्षा नगर जवळ पडत असल्यामुळे मोठी खरेदी, दवाखाना किंवा पुढचे शिक्षण यांसाठी इथला माणूस नगरची आणि त्यापुढे पुण्याची वाट धरतो. घरगुती संगणकाचा या भागातील इतिहास समजून घ्यायचा तर ही वाट आधी ध्यानात घ्यावी लागते, कारण तालुक्याच्या गावी स्वस्त संगणक आला तो प्रामुख्याने सुट्या भागांतून जुळवलेला, आणि सुटे भाग बाजारपेठांच्या उतरंडीनेच खाली सरकतात: मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, मग जिल्ह्याचे ठिकाण आणि सर्वांत शेवटी तालुका.

संगणक असा सुटा आणून जोडता येतो याचे मूळ १९८१ मध्ये आहे. त्या वर्षी आयबीएमने आणलेल्या वैयक्तिक संगणकात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर, म्हणजे सर्व आकडेमोड करणारी आणि आज्ञा पाळणारी सिलिकॉनची चिप, बसवलेला होता. त्याचे बाकीचे बहुतेक भागही बाहेरच्या उत्पादकांकडून घेतलेले होते आणि रचना उघड असल्यामुळे इतरांना तिच्याशी जुळणारे भाग बनवता आले. भारतात मात्र आयात शुल्क आणि परवाने यांमुळे ही सोय बराच काळ कागदावर राहिली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे दार किलकिले झाले, १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी ते अधिक उघडले, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सामील झाल्यानंतर संगणक व त्याच्या सुट्या भागांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने घटून २००५ पर्यंत शून्यावर आले. रेडिओच्या भागांसाठी आधीच नावाजलेल्या लॅमिंग्टन रोडने, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाने, हा नवा माल सहज सामावून घेतला. ‘ब्रँडेड’ आणि ‘असेंबल्ड’ हा भेद गिऱ्हाइकाच्या बोलण्यात रुळला तो याच काळात, आणि दुसऱ्या प्रकारात कंपनीच्या नावाची जागा जोडणाऱ्या माणसाच्या शब्दाने घेतली.

तालुक्याच्या पातळीवर या यंत्राचे पहिले गिऱ्हाईक खेळणारा मुलगा नव्हता, हे इथे आवर्जून नोंदवले पाहिजे. लग्नपत्रिका आणि अर्ज छापून देणारी डीटीपीची दुकाने व त्यांच्या पाठोपाठ संगणक प्रशिक्षण केंद्रे यांनी त्याला गावात आणले. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन अर्थात एमकेसीएल स्थापन होऊन एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला, शासकीय नोकरीसाठी तो आवश्यक ठरत गेला, आणि गावोगावच्या केंद्रचालकांना एका खोलीत अनेक यंत्रे, तीही कमीत कमी खर्चात, मांडावी लागली. कमी खर्चात यंत्र जुळवण्याच्या याच सवयीमुळे स्वस्त गेमिंग संगणकाची परंपराही या वर्गखोलीतून निघाली. गेमिंगचा इतिहास केवळ महानगरांतील सायबर कॅफेपासून मांडणारे लेखन हा दुवा सोडून देते.

अशा खोल्यांना शोभणारा प्रोसेसर म्हणजे इंटेलचा सेलेरॉन. एप्रिल १९९८ मधील पहिल्या सेलेरॉनमध्ये किंमत उतरवण्यासाठी दुसऱ्या स्तराची कॅशे, म्हणजे प्रोसेसरला वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी वेगवान स्मृती, गाळलेली होती आणि त्यामुळे तो मंद ठरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ३००ए या आवृत्तीत १२८ किलोबाइटची कॅशे खुद्द चिपवरच बसवण्यात आली. मदरबोर्डचा, म्हणजे सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीचा, ६६ मेगाहर्ट्झचा ठोका १०० वर नेला की ३०० मेगाहर्ट्झची ही चिप अनेकदा ४५० वर विनातक्रार चाले, आणि कमी पैशांत वरच्या दर्जाचा वेग मिळवण्याच्या या युक्तीला, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगला, तिने जगभर लोकप्रिय केले. पत्र्याच्या छपराखालच्या मराठवाडी उन्हाळ्यात ती युक्ती परवडणारी नव्हती. इथे खरी अडचण विजेची होती: २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन दिवसाचा मोठा भाग खाऊन टाकी, त्यामुळे प्रोसेसरपेक्षा यूपीएस आणि खात्रीचा एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारा संच, यांवर आधी पैसा घालणे हेच शहाणपण होते.

खेळांना लागणारे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हा बराच काळ अंदाजपत्रकातला सर्वांत जड आकडा होता. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत हिशेब बदलला. जानेवारी २०१७ मध्ये इंटेलने पेंटियम जी४५६० या स्वस्त चिपमध्ये दोन गाभ्यांवर (कोअरवर) चार कामे एकाच वेळी चालवण्याची सोय दिली, त्याच वर्षी एएमडीचे रायझन प्रोसेसर आले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये अवघ्या ९९ डॉलरला आलेल्या रायझन ३ २२००जी मध्ये चार गाभे व व्हेगा ८ हा बऱ्यापैकी समर्थ ग्राफिक्स भाग एकत्र आले. आभासी चलनाच्या खाणकामामुळे ग्राफिक्स कार्डांच्या किमती तेव्हा भडकलेल्या होत्या, म्हणून ही चिप नेमक्या वेळी आली असे म्हणणे योग्य ठरेल.

तिच्या जोडणीतही शिस्त होती. मदरबोर्डवरच्या सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या जागेची, दांडी उचलायची, चिपच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा आणि चिप अलगद ठेवायची. ती स्वतःच्या वजनाने बसली पाहिजे, कारण दाब दिला तर खालच्या १३३१ पिनांपैकी एखादी वाकते आणि सगळा खर्च वाया जातो. ग्राफिक्स भाग मुख्य स्मृतीच वापरत असल्यामुळे आठ जीबीची एक रॅम लावण्याऐवजी चार जीबीच्या दोन लावल्या की स्मृतीच्या दोन्ही वाटांनी माहिती वाहते आणि त्याच पैशांत खेळ स्पष्टपणे अधिक सुरळीत चालतो.

ही चिप ज्यात बसते त्या एएम४ सॉकेटचे महत्त्व या काटकसरीहून मोठे आहे. ऊसतोडीचा हंगाम आणि लहरी पाऊस यांवर ज्या भागात कुटुंबांची मिळकत ठरते, तिथे एकरकमी मोठी खरेदी अवघड असते. २०१७ पासून २०२२ पर्यंतचे बहुतेक डेस्कटॉप रायझन प्रोसेसर याच एका सॉकेटसाठी निघाल्यामुळे आज साधी चिप, पुढच्या वर्षी कार्ड, त्यानंतर वरची चिप अशी हप्त्याहप्त्याने उभारणी शक्य झाली. स्वस्त डेटा आणि २०१८ मध्ये मोबाइलवर आलेल्या पबजी या खेळाने तरुणांचा मोठा वर्ग फोनकडे ओढला हे खरे, तरी अभ्यास, डीटीपी आणि खेळ एकाच यंत्रावर हवे असणाऱ्या घरांत टेबलावरचा संगणक टिकून राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर ते न्यू आष्टी रेल्वेगाडी सुरू झाली आणि तालुका प्रथमच रुळांनी जोडला गेला. सुट्या भागांची मागणी तोवर ऑनलाइन दुकानांकडे वळू लागली होती, आणि जोडणाऱ्याकडे विक्रीपेक्षा बसवणे, दोष शोधणे आणि वॉरंटीसाठी पाठपुरावा करणे ही कामे उरत गेली.

आता या यंत्रांपुढे वेगळाच प्रश्न आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत २२००जी नाही, इंटेलचे आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसरही नाहीत. म्हणजे प्रशिक्षण केंद्रांतून व कार्यालयांतून निघालेली, अजून उत्तम चालणारी जुनी यंत्रे केवळ यादीबाहेर असल्यामुळे बाद ठरू पाहत आहेत, आणि याचा भार सर्वांत कमी ऐपतीच्या घरांवर पडतो. एएम४ चे मदरबोर्ड ज्यांच्याकडे आहेत त्यांना बायोस, म्हणजे मदरबोर्डवरची मूळ आज्ञावली, अद्ययावत करून त्यावर नंतरच्या पिढीची चिप बसवता येते. जुन्या इंटेल संचांत मात्र मदरबोर्ड आणि प्रोसेसर हे दोन्ही भाग, आणि अनेकदा रॅमही, एकदम बदलावे लागतात.