जोडीनं पाहिलेला सिनेमा

लग्नाचा वाढदिवस आहे, चला सिनेमाला... हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की यालाही काही इतिहास असेल असं मनात येत नाही. माझ्या आलं ते काका-काकूंमुळे.

त्यांचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोडेगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत. लग्न १९७३ सालचं. तारीख मात्र कुणालाच सांगता येत नाही. "बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा, पाऊस लागायच्या आधी," एवढंच. पत्रिका छापली नव्हती. तारीखच नाही तर वाढदिवस कुठला? शेवटी २०२३च्या जुलैत मुलांनीच एक रविवार ठरवला आणि पन्नाशी साजरी करायला दोघांना पिंपरी-चिंचवडच्या मल्टिप्लेक्सात 'बाईपण भारी देवा'ला नेलं.

दोघं सिनेमाला शेजारी-शेजारी बसली ती आयुष्यात पहिल्यांदा!

म्हणजे आधी सिनेमा पाहिला नव्हता असं नाही. आपल्याकडे चालती चित्रं आली ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. त्याच महिन्यात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तेव्हा पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स ठेवल्याची जाहिरात होती. म्हणजे सिनेमाबरोबरच बायकांची निराळी बसायची जागाही आली. पुढे दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि पत्नी सरस्वतीबाईंनाही तो दाखवायला नेलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ साली. त्यासाठी याच सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला, फिल्म धुण्याच्या कामातही हात लावला. मराठी सिनेमाची सुरुवातच एका जोडप्याच्या सिनेमा पाहण्यातून झाली म्हणायची.

आमच्या भागात सिनेमा यायचा तो जत्रेत, तंबूतून. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गावोगावचे पंच अजूनही तिथल्या राहुट्यांवर जाऊन फडांच्या सुपाऱ्या देतात. त्याच जत्रांमधून टुरिंग टॉकीजचे ट्रकही फिरायचे. तमाशाला घरच्या बायका जात नसत. सिनेमाला मात्र जाता यायचं, त्यातही देवाधर्माचा असला तर विचारायलाच नको. काकू सांगतात, तंबूत मधोमध दोर बांधलेला असे. अलीकडे बाया, पलीकडे बाप्ये. मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलेपर्यंत अंधारात पोरांचा कल्ला.

अशाच एका जत्रेत दोघांनी 'संत तुकाराम' पाहिला. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा, १९३६ सालचा. चाळीसेक वर्षं जुना झाला तरी जत्रांत चालायचाच. काका दोराच्या पलीकडे, काकू अलीकडे, कडेवर थोरला. शेवट जवळ आला तसा सासूबाईंचा निरोप आला... पाहुण्यांच्या पंगतीचं बघायचंय, चल घरी.

"तुकोबा वैकुंठाला गेले ते ह्यांनीच सांगितलं मला," काकू म्हणाल्या.

मला एकदम जिजाई आठवली. सिनेमात तुकोबा तिलाही वैकुंठाला चल म्हणतात, पण तिचा पाय चुलीपासून निघत नाही. तंबूतल्या किती बायकांनी हे पाहिलं असेल आणि किती जणी त्याआधीच उठून चुलीपाशी गेल्या असतील कोण जाणे.

असो. तंबू हळूहळू कमी झाले. घरोघर टीव्ही आला, रिळं जाऊन डिजिटल प्रोजेक्टर आले. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला.

मल्टिप्लेक्समध्ये काकू सवयीनं सुनांकडे जाऊन बसत होत्या. मुलांनी हाताला धरून काकांच्या शेजारी आणून बसवलं. सहा बहिणींची गोष्ट, मंगळागौर... काकू खूश! काका मध्येच डुलक्या घेत होते. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक निघाले, तरी काकू नावं संपेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. सून म्हणाली, "आत्या, संपलाय." त्या म्हणाल्या, "असू दे गं. स्वयंपाक कुठं खोळंबलाय?"

परतीच्या वाटेवर मंचर येईपर्यंत काकू काकांना, ते झोपले होते तेवढा सिनेमा सांगत होत्या.

तुमच्याही घरात आई असेल, आजी असेल. तिचा कुठला सिनेमा अर्धा राहिलाय, एकदा विचारून बघा.